डबल कोणी दिली?

सकाळी साडेसातला बागेच्या फाटकाजवळच्या बाकावर तिघे जमले की पहिली पाच मिनिटं दुखण्यांची. हा नियम सिस्टरांचा. सिस्टर म्हणजे छत्तीस वर्षं दवाखान्यात ड्यूटी केलेली बाई. गुडघा, पित्त, झोप, सगळं पाच मिनिटांत उरकायचं, मग मनगटावरच्या घड्याळात बघून "झालं, वॉर्ड बंद" म्हणायचं आणि थर्मासचं झाकण उघडायचं. चहा त्यांचा, कप ज्याचा त्याचा, आणि गप्पा बहुतेक कंडक्टरांच्या.

कंडक्टरांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. खच्चून भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला तो आवाज. बागेत त्यांनी अर्ध्या सुरात "नमस्कार" म्हटलं तरी फिरायला आलेली माणसं दचकून मागं बघायची. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ड्रायव्हर बसत. एकतीस वर्षांच्या नोकरीतली एकोणीस वर्षं कंडक्टरांनी यांच्याच गाडीवर काढली होती. ड्रायव्हरांनी समोर बघायचं आणि कंडक्टरांनी बोलायचं, ही तेव्हाची वाटणी अजून मोडली नव्हती.

त्या सोमवारी मात्र कंडक्टरांना पाच मिनिटंही दम निघेना.

"सिस्टर, तुमचा गुडघा जरा बाजूला ठेवा. काल मला विसरले!"

"कोण विसरलं?"

"घरचे! दुसरं कोण? काल सहल होती ना आमची, तलावावर. दोन गाड्या, आठ माणसं, डबे, चटया, बॅट, बॉल, सगळं आठवणीनं परत आणलं. मी तेवढा पेट्रोल पंपावर राहिलो."

सिस्टरांचा हात थर्मासवरच थांबला. कंडक्टरांना हेच हवं होतं. समोरच्याने आ वासला की त्यांना गोष्ट सांगायला हुरूप यायचा.

मग त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. मुलाची मोठी गाडी, सुनेची छोटी. जाताना ते मुलाच्या गाडीत होते. नातवंडांनी इतका कालवा केला की येताना ते सुनेच्या गाडीत मागच्या सीटवर बसले. वाटेत पंपावर दोन्ही गाड्या थांबल्या. हे हात धुवायला गेले, येऊन बघतात तर काय, मैदान साफ.

"फोन?" सिस्टरांनी विचारलं.

"तिच्याच गाडीत, चार्जिंगला. गेला बिचारा माझ्याशिवाय फिरायला."

"अहो मग केलंत काय तुम्ही?"

"करणार काय? कामाला लागलो. तेवढ्यात तिथं बायकांची एक बस आली. चाळीस बायका आणि बाथरूम एक. नुसती झुंबड! मी म्हटलं, ताई, ढकलाढकली नको, एका मागं एक, आजी पुढं या, बाळवाल्या बाई तुम्ही आजींच्या मागं. दहा मिनिटांत सगळ्या मोकळ्या. त्यांची म्होरकी मला विचारते, तुम्ही इथले मॅनेजर का? म्हटलं नाही हो, मी इथं विसरलेलं सामान आहे."

सिस्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर त्यांना राग आला. त्यांचं नेहमीच असं, आधी हसायचं आणि मग हिशेब मागायचा.

"पण शोभतं का हे? सून गाडी चालवत होती ना? मागं वळून बघायला नको? मान काय मोडली होती?"

"झालं, मुलानं बोलून घेतलंय तिला," कंडक्टर म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी जरा हळू म्हटलं.

"बोलायलाच हवं. आणि आता?"

"आता? आता मी जावई आहे घरातला! मुलानं रात्रीच बूट आणले नवे. लेकीनं केक पाठवला. उशी बदलली, टीव्हीचा रिमोट माझ्या हातात. सिस्टर, तुम्हीही एकदा हरवून बघाच."

ड्रायव्हरांनी कप खाली ठेवला. "येताना तू तिच्या गाडीत बसला होतास?"

"तेच सांगतोय ना मघापासून."

"हं," ड्रायव्हर म्हणाले आणि पुन्हा समोर बघू लागले.

आता खरं काय घडलं ते आपणच सांगायला हवं, कारण कंडक्टर काही ते बाकावर सांगणार नव्हते.

हात धुवायला ते गेलेच नव्हते. मुलाची गाडी पंपाच्या इमारतीमागं, हवा भरायच्या मशीनपाशी उभी होती. तीत मुलगा, जावई आणि तीन नातवंडं. कंडक्टरांनी खिडकीतून आत डोकावून बोट नाचवत मोजलं, पाच. मागच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा ठोकलं, "जाऊ द्या!" म्हणाले, आणि गाडी मागच्या वाटेनं रस्त्याला लागली. मग इमारतीला वळसा घालून ते पुढं आले. तिथं सुनेची गाडी. स्टिअरिंगवर सून, शेजारी लेक, ती जेवणानंतर तोंड उघडं टाकून झोपलेली. दोन. पाच आणि दोन सात. कंडक्टरांच्या हिशेबानं गाडी भरली होती. कारण एकतीस वर्षं त्यांनी उतारू मोजले होते, आणि कंडक्टर हा काही उतारू नसतो. त्यांनी गाडीच्या मागं उभं राहून पुन्हा दोनदा ठोकलं, पुन्हा "जाऊ द्या!" म्हणाले, आणि सूनही निघाली.

दोरी ओढून एकदा घंटी दिली की थांबा, दोनदा दिली की चला. दोनदा देणं म्हणजे डबल. डबल द्यायची आणि हलत्या गाडीच्या पायरीवर पाय टाकून शेवटी आपण आत शिरायचं, ही त्यांची आयुष्यभराची रीत. घंटी नसेल तिथं पत्रा वाजवायचा, एवढाच फरक. रविवारी त्यांनी उजवा पाय उचललासुद्धा. तिथं पायरी नव्हती. पाय जमिनीवर पडला, आणि गाडी लांब जाऊन वळेपर्यंत कंडक्टर तिच्याकडे बघत राहिले.

बायकांची बस आली ती नंतर. त्याआधीची दहा मिनिटं फार वाईट गेली. आपल्याला काय झालंय, हा एकच प्रश्न डोक्यात घुमत होता. तो प्रश्न त्यांनी कोणालाही सांगितला नाही.

आणि सांगणार कसा? दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी ते सहज बसमध्ये बसले होते, शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आले होते. मजा म्हणून. पण येताना बस बंद पडली, घरी यायला चार तास उशीर झाला आणि घरात रडारड. मुलाच्या ऑफिसातल्या कोणाचे तरी वडील असेच निघून गेले होते आणि तिसऱ्या दिवशी भलत्याच गावी सापडले होते. तेव्हापासून मुलाच्या मनानं धास्ती घेतली होती. "बाबा, आणखी एकदा असं काही झालं ना, तर तुमचं एकट्यानं बाहेर पडणं बंद," असं त्यानं हात जोडून सांगितलं होतं. हात जोडून सांगितलेली गोष्ट मुलगा खरी करतो, हे बापाला माहीत होतं. एकट्यानं बाहेर पडणं बंद म्हणजे बाक बंद, आणि बाक बंद म्हणजे दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या इमारतीतले कपडे मोजणं.

म्हणून चाळीस मिनिटांनी दोन्ही गाड्या धापा टाकत परत आल्या आणि लेक गळ्यात पडून रडू लागली, तेव्हा कंडक्टरांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "मी हात धुवायला गेलो होतो."

बस्स. मग सगळं सुनेवर आलं. मुलाचं म्हणणं सरळ होतं. बाबांनी मला पत्रा ठोकून पुढं पाठवलं, ते तुझ्या गाडीत बसणार होते, तू न बघता निघालीस. सून एवढंच म्हणाली, "मला वाटलं, ते तुमच्याकडे बसतायत." का वाटलं, ते तिनं सांगितलं नाही. लेक रोज संध्याकाळी फोन करून वडिलांची चौकशी करायची आणि शेवटी वहिनीला एक टोमणा मारायची. "वहिनी, म्हाताऱ्या माणसाला हात धरून बसवायचं असतं गं."

मुलानं बायकोच्या गाडीची किल्ली आपल्या बॅगेत टाकली. "काही दिवस राहू दे गाडी. तुझं लक्ष नसतं," म्हणाला. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. गाडी चालवायला ती चाळिशीत शिकली होती, आणि शिकल्यापासून सकाळी तिच्या चालीत एक वेगळाच तोरा आला होता. आता ती पाऊण तास आधी निघायची, दोन बस बदलायची आणि संध्याकाळी अंधार पडता पडता परत यायची. आल्यावर ओट्याशी उभी राहून भाजी चिरताना तिची पाठ दिसायची. त्या पाठीकडे बघणं कंडक्टर टाळत होते. तिला आपली डबल ऐकू गेली नसणार, काचा बंद होत्या, एसी चालू होता, असं ते स्वतःला बजावत होते. आणि नव्या बुटांत पाय घालून रोज सकाळी बाकावर जात होते.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी बाकावर विषय सहलींचाच होता, पण सिस्टरांच्या. त्यांच्या भाचीनं त्यांना नावेत बसवलं होतं.

"मी म्हटलं, अगं मला पोहता येत नाही. ती म्हणते, मावशी, आपल्याला नावेतून पोहायचं नाहीये, नावेत बसायचंय. अशी उद्धट! पण बसले हो. नावाडी अगदी कोवळा. त्याच्या हाताला जखम, चिंध्या गुंडाळलेल्या. मी अर्धं तळं त्याचं ड्रेसिंग करण्यात घालवलं आणि देखावा बघायचा राहूनच गेला."

"तुमची ड्यूटी काही संपत नाही," कंडक्टर म्हणाले.

"तुमची तरी कुठं संपलीय? पंपावर रांगा लावत होता ना?"

"ते सोडा. याला विचारा," कंडक्टरांनी ड्रायव्हरांकडे बोट केलं. "याला घरचे फिरायला नेतात तेव्हा हा काय करतो माहीत आहे? मुलाच्या शेजारी बसतो आणि रिकाम्या जागेत ब्रेक दाबतो. गेल्या वेळी याचा पाय आखडला!"

ड्रायव्हर हसले नाहीत. त्यांनी कप रिकामा केला, उलटा करून झटकला, रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. एवढं सगळं सावकाश करून झाल्यावर ते बोलले.

"तुझी सून काल मला बस स्टॉपवर भेटली."

"असं?"

"दोन बस बदलून जाते म्हणाली. मी विचारलं, गाडीला काय झालं? म्हणाली, काही नाही काका, सर्व्हिसिंगला दिलीय. खोटं बोलताना तिला घाम फुटला. सवय नाही तिला." ड्रायव्हरांनी पहिल्यांदाच मान वळवून कंडक्टरांकडे बघितलं. "डबल कोणी दिली?"

"म्हणजे?"

"गाडी तिनं काढली. तिला गाडी शिकवली मी. सहा महिने, रोज सकाळी, मैदानात. आरशात बघितल्याशिवाय ती ब्रेकवरचा पाय उचलत नाही. आणि मागं माणूस उभा असला तर पत्र्यावर दोनदा वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हेही मीच शिकवलंय. का शिकवलं? तर आयुष्यभर मी तसाच गाडी चालवत आलो, तुझ्या भरवशावर. आता सांग. मागं तू होतास. डबल कोणी दिली?"

कंडक्टरांनी चहाचा घोट घेतला. चहा संपलेला होता.

"अरे, मी हात धुवायला..."

"एकोणीस वर्षं," ड्रायव्हर म्हणाले. "एकोणीस वर्षं तू गाडी थांबल्यावर हात धुवायला सगळ्यात शेवटी गेलास. आधी माणसं मोजायचास, मग डबल. मला नको सांगू."

सिस्टर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. दवाखान्यात ज्या आवाजात त्या बोलत असतील त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "बोला."

आणि कंडक्टर बोलले. बारा वर्षांत त्या बाकावर त्यांनी इतक्या हळू आवाजात काही सांगितलं नव्हतं. पाच आणि दोन सात, पत्रा, उचललेला पाय, नसलेली पायरी, मुलानं जोडलेले हात, सगळं सांगितलं. "सांगितलं तर मला कोंडतील," ते शेवटी म्हणाले. "नाही सांगितलं तर ती मरते रोज. मला दोन्ही दिसतंय. मी काय आंधळा आहे?"

"आंधळा नाहीस, लबाड आहेस," ड्रायव्हर म्हणाले.

"माझ्या जागी तू असतास तर?"

"मीही लबाडी केली असती. आणि तू माझं मानगूट धरलं असतंस."

सिस्टरांनी पर्समधून डायरी काढली.

"मला विचाराल तर सवयीनं हात चालणं वेगळं आणि डोक्यातून पुसलं जाणं वेगळं. मी अजून पाहुण्यांकडे गेले तरी झोपलेल्या माणसाची नाडी बघते. पण मी डॉक्टर नाही. तुम्ही तपासून घ्या. उद्या दहाची वेळ घेते, आमचे जुने डॉक्टर आहेत. जे असेल ते कळेल. कळायची भीती वाटते म्हणून सुनेचा बळी द्यायचा, हे काही माझ्या बाकावर चालायचं नाही."

"बाक तुमचा कधीपासून झाला?"

"चहा आणते त्या दिवसापासून."

कंडक्टर उठले. दहा पावलं गेल्यावर त्यांचा आवाज परत आला आणि ते वळून म्हणाले, "उद्या साडेसातला मी इथं नसलो तर समजा की मला कोंडलंय. घरी या आणि दार वाजवा."

"येतो," ड्रायव्हर म्हणाले. "दोघंही येतो."

दिवसभर कंडक्टरांनी मनातल्या मनात भाषण तयार केलं, मोडलं, पुन्हा तयार केलं. संध्याकाळी सून आली. पर्स खुंटीला लावून, पाणीसुद्धा न पिता ती ओट्याशी उभी राहिली. त्यांनी या खेपेस तिच्या पाठीकडे बघितलं, मुद्दाम, डोळे न हलवता, आणि त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की भाषणातलं अर्धं विसरायला झालं. बरंच झालं ते. मुलांना आत टीव्हीसमोर ताटं दिली होती. मुलगा हात धुऊन टेबलाशी बसला.

"बहिणीला फोन लाव," कंडक्टर म्हणाले. "आणि आवाज मोठा ठेव, तिलाही ऐकू जाऊ दे. मला एकदाच सांगायचंय."

मुलगा दचकला. "काय झालं? छातीत दुखतंय का?"

"छाती ठणठणीत आहे. फोन लाव."

फोन टेबलाच्या मधोमध ठेवला गेला. पलीकडून लेक "हॅलो, हॅलो, बाबा बरे आहेत ना?" करत होती.

"मी बरा आहे. ऐका दोघं. रविवारी मी हात धुवायला गेलो नव्हतो. सूनबाईच्या गाडीला डबल मी दिली. मागं उभं राहून, दोनदा, खणखणीत. ती निघाली कारण मी तिला निघायला सांगितलं."

मग फोनमधून लेक म्हणाली, "बाबा, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही वहिनीला पाठीशी घालताय."

"तेच मला वाटतंय," मुलगा म्हणाला. "बाबा, हे असलं करायची काही गरज नाही."

याची तयारी कंडक्टरांनी केली नव्हती. खोटं बोललो तेव्हा लगेच पटलं आणि खरं सांगतोय तर पटत नाही, म्हणजे आता जे सांगायचं नव्हतं तेही सांगणं आलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"तुझ्या गाडीत मी पाच मोजले. हिच्या गाडीत दोन. सात झाले आणि मला वाटलं, सगळे झाले. मी स्वतःला धरलंच नाही. डबल दिली आणि पाय उचलला, पायरीवर ठेवायला. या गाडीला पायरी नाही, हे पाय खाली आल्यावर माझ्या लक्षात आलं. आता तरी पटलं? का उठून करून दाखवू?"

मुलाचा चेहरा उतरला. तो काही बोलणार तेवढ्यात ओट्याशी उभी असलेली सून वळली. "बाबा, पुरे. राहू द्या ना."

मुलानं तिच्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"मी आरशात बघितलं होतं त्यांना. ठोकलेलंही ऐकलं. मला वाटलं, मुलांबरोबर बसायचं असेल, तुमची गाडी मागं उभी असेल अजून."

"मग चार दिवस बोलली का नाहीस? मी एवढं बोललो तुला, किल्ली घेतली, तू तोंडातून ब्र काढला नाहीस!"

"बोलले असते तर तुम्ही यांना बाहेर जाऊ दिलं असतं?" सूनबाईनं आवाज न चढवता हातातला चमचा ओट्यावर ठेवला. "माझी गाडी बंद झाली तर मी दोन बस बदलून जाते. यांचा बाक बंद झाला तर यांनी कुठं जायचं?"

रडण्यात वेळ गेला तर मुलगा आधी बोलेल आणि मग सगळं त्याच्या हातात जाईल, हे कंडक्टरांनी ओळखलं.

"उद्या दहा वाजता डॉक्टरांची वेळ घेतलीय, सिस्टरांनी. तू चल बरोबर. काय निघायचं ते निघू दे, मी ऐकून घेईन. पण बाकावर मी जाणार. चालत, माझा मी. फोन खिशात ठेवीन, तू दहा वेळा कर, मी दहा वेळा उचलीन. हे मी विचारत नाहीये, सांगतोय." ते थोडे पुढं झुकले. "आता माझा एक प्रश्न. तुमच्या गाडीत पाच जण. वीस मिनिटं चाललात. आजोबा कुठं आहेत, असं कोणी विचारलं?"

मुलगा टेबलाकडे बघू लागला.

"आणि तू तर वीस मिनिटं घोरत होतीस," कंडक्टर फोनला म्हणाले. "फोन कोणी केला? गाडी आधी कोणी वळवली?"

"तिनं," मुलगा म्हणाला.

"तिनं. मी हरवलोय हे ज्या एका माणसाच्या लक्षात आलं, त्यालाच तुम्ही चार दिवस फाडून खाल्लंत."

मुलगा उठला. बाहेरच्या खोलीतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्यानं किल्ली बायकोसमोर टेबलावर ठेवली. "उद्या लवकर निघ. पुलाजवळ रस्ता खणलाय," म्हणाला.

"किल्लीचं झालं," कंडक्टर म्हणाले. "पुढचं बोल."

"चुकलं माझं."

"मला काय सांगतोस? तिला सांग."

मुलगा तिच्याकडे वळला. एवढा मोठा माणूस, दोन मुलांचा बाप, पण ते दोन शब्द त्याला दोनदा सुरू करावे लागले. सुनेनं फक्त मान हलवली.

आता आपली पाळी, हे कंडक्टरांना समजत होतं. सगळ्यात अवघड भाग पार पडला होता, घरात आपलाच आवाज चालला होता, आणि सून मुळातच मायाळू. "असू द्या बाबा" म्हणेल, डोळे पुसेल आणि वाढायला घेईल, याची त्यांना खात्री होती.

"आणि माझंही चुकलं, सूनबाई," ते म्हणाले.

"हो बाबा, तुमचं चुकलं," ती म्हणाली.

कंडक्टर बघतच राहिले.

"रविवारचं नाही म्हणत मी. रविवारचं कोणाचंही होईल. पण सोमवारी मी वाट बघितली. वाटलं, आज सांगतील. मंगळवारी वाटलं, आज नक्की. मी गप्प बसले ते माझ्या मर्जीनं बसले, त्याचं मला काही नाही. पण तुम्हाला माहीत होतं. हे मला घालून पाडून बोलत होते तेव्हा तुम्ही इथंच, याच खुर्चीवर बसला होता, बाबा. चार दिवस माझ्या हातचं जेवलात आणि गप्प बसलात."

एकतीस वर्षांत कंडक्टरांना भांडखोर उतारू भेटले, दारुडे भेटले, साहेब लोक भेटले, आणि प्रत्येकासाठी त्यांच्या जिभेवर उत्तर तयार होतं.

"हो," ते म्हणाले. "बसलो."

फोनमधून लेक काहीतरी समजुतीचं बोलू लागली. सुनेनं हात पुढं करून फोन बंद केला. मग किल्ली उचलून खुंटीवरच्या आपल्या पर्समध्ये टाकली, परत टेबलाशी आली आणि सासऱ्यांच्या ताटात भात वाढला.